दादांच्या पेटीचे दोन वाटे

पूर्णा, २३ जानेवारी १९७५

पंडित,

अक्काचा जय भीम. सत्यशीलेला सांग, आणि लेकरांच्या डोक्यावरून माझ्या नावानं एकदा हात फिरव.

तुझं कार्ड आलं. पोस्टमन रस्त्यातूनच ओरडला, "सुलाबाई, खडगपूर!" मी भाकरी थापायले होते, ती तशीच परातीत टाकून उठले. सून मनकर्णा मागून म्हणते, "मामी, हात तरी धुवा, कागदाला पीठ लागंल." म्हटलं, लागू दे. पाच वर्षांनी भावाचं अक्षर आलंय, त्याला पिठाचं काय वावडं.

पण कार्डात अक्षरं थोडी आणि काम फार. दोन ओळी खुशालीच्या. तिसरीत तू खडगपूरला घरासाठी जागा घेतोस, मे महिन्याच्या आत चारशे रुपये कमी पडतात, हे. आणि चौथीत, "दादांची तिकिटा-नाण्यांची पेटी विकून टाक, माझा निम्मा पैसा मनिऑर्डरनं पाठव." झालं कार्ड.

जागा घेतोस ते बरं करतोस. रेल्वेचं क्वार्टर म्हणजे पाव्हण्याची बाज, उठ म्हटलं की उठावं लागतं. पण तिकडं घर झालं म्हणजे तू तिकडचाच झालास, हे मला कळतं. पेटी विकून मनिऑर्डर केली की तुझ्या-माझ्यात पोस्टाची पावती तेवढी उरेल, हेही कळतं. म्हणून रागावू नकोस, पण पेटी मी विकणार नाही.

अडवून धरणार नाही, निम्मी पेटी तुझीच आहे. पण आपल्या घरात वाटणी कशी होते ते तुला ठाऊक आहे. थोरल्यानं वाटे घालायचे, धाकट्यानं उचलायचे. आजी गेली तेव्हा तिची भांडी दादांनी अशीच दोन ढिगांत मांडली आणि काकांनी उचलली. कोणता ढीग आपल्याकडं राहील हे वाटे घालणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो काटा मारत नाही. मी थोरली, मी वाटे घालते. तू धाकटा, तू येऊन उचल. पैसा मनिऑर्डरनं जातो, वाटा जात नाही. त्याला हात लागतो.

आता मनातलं. दादा गेले तेव्हा तू लाईनवर होतास आणि तार तुझ्या क्वार्टरच्या दाराखाली पडून राहिली, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण तू पोचलास तर सगळं उरकलेलं, आणि चांगुणाआत्या बसलेल्या लोकांत बोलली, "लेकीनं खांदा दिला, लेकाला सवड न्हाई घावली." दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेलास तो गेलास. मी चार पत्रं घातली. त्यांची उत्तरं मी मागत नाही. कार्ड आलं, तेवढ्यावर मी खूश आहे.

वाटे घालायला लागते.

तुझी अक्का

पूर्णा, १६ फेब्रुवारी १९७५

पंडित,

जय भीम. तुझं उत्तर नाही. नसू दे, मी आपली लिहिते. विहिरीत बादली सोडली की दोर हातात असतो, बादली भरली का ते वर काढल्यावर कळतं.

पेटी उघडली. दादांच्या विडीचा वास अजून आहे. जन्मभर त्यांनी पूर्ण्याच्या ठेसनावर डाकेची पोती उचलली, निजामाची रेल्वे होती तेव्हापासून. वाचता येत नव्हतं, पण कुणी पाकीट फोडून फेकलं की त्याचं तिकीट तेवढं फाडून खिशात. संध्याकाळी माय ज्वारीच्या पिठाची खळ करून द्यायची आणि दादा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिकिटं चिकटवायचे. तू मांडीवर बसून खळ चाटायचास. आठवतं?

त्या खळीनं आता माझा जीव घेतलाय. कुठं कसर लागली, कुठं झुरळानं कोपरा खाल्ला. कॅलेंडर कापून मी एकेक तुकडा परातीतल्या पाण्यात तरंगत ठेवते. ओढायचं नाही, घाई करायची नाही. तिकीट आपणहून कागद सोडतं. मग चिमट्यानं उचलून जुन्या पेपरावर पालथं घालते आणि वरून पाटा ठेवते, वाळताना वळू नये म्हणून. काल शेजारीण डोकावून म्हणाली, "माघातच पापड घातले व्हय बाई?" मनकर्णानं सांगितलं, "तळू नका म्हंजे झालं, एकेक पाच रुपयाचा हाय." शेजारीण दुपारपर्यंत तिथंच उभी.

किंमत कशी काढायची ते मला कुणी शिकवलं नाही. हैदराबादचा बन्सीधरशेठ जुन्या नाण्या-तिकिटांचा व्यापार करतो, तो दरवर्षी भावाची छापील यादी पाठवतो. यादी इंग्रजी, ती मनकर्णा वाचते, मॅट्रिक आहे ती. पण यादीत भाव असतो धडधाकट तिकिटाचा. आपल्या हातातलं किती धड, ते आपण पाहायचं. मी सोयरीक पाहायला गेल्यासारखी पाहते. आधी दात, म्हणजे कडेचे दाते. एक पडला की भाव अर्धा. मग चित्र मधोमध आहे का, कुंकू कपाळाच्या मधोमध असावं तसं. मग उजेडात धरायचं, पाठीमागून कुठं पातळ झालंय का. वरचा शिक्का कोपऱ्यात हलका बसला असला तर ठीक, पण पोस्टातल्या माणसानं राग काढल्यासारखा तोंडावर मारला असला तर तिकीट गेलं.

यादीतला भाव म्हणजे लग्नातल्या पत्रिकेतलं नाव. मनुष्य प्रत्यक्षात कसा, ते वेगळंच.

आणि चौकडी. ती कॅलेंडरवर नाही. ती दादांनी मायच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात, दोन काचांच्या मधी ठेवलेली. छप्पन सालच्या बुद्धजयंतीचं चौदा आण्यांचं तिकीट, शेंदरी रंगाचं, बोधिवृक्ष आणि वर छत्र. चार तिकिटं एकाला एक लागून, तशीच कोरी. दादांनी पोस्टातून रोख साडेतीन रुपये मोजून घेतली. त्या दिवशीचं मायचं बोलणं माझ्या कानात आहे. "साडेतीन रुपयाचे कागद! आता खावा भाकरीसंगं!" दादा म्हणाले, "ह्याच्यावर कुणाचा शिक्का पडू देयचा न्हाई मला." दरसाल बुद्धपौर्णिमेला हात धुऊन ती काच ते आपल्या दोघांना दाखवायचे. आपला श्वास लागू नये म्हणून तोंडावर हात ठेवायला लावायचे.

मी तिला हात धुऊनच उचलली. आणि तोंडावर हातही ठेवला, कुणी बघायला नसताना.

अक्का

पूर्णा, ४ मार्च १९७५

पंडित,

जय भीम. तुझं दुसरं कार्ड पोचलं. "वाट्यांचं खूळ सोड. किंमत काय आली ते कळव." बरं. रागाचं का असेना, कार्ड आहे.

किंमत कळवते, पण आधी आमच्या घरी झालेला तमाशा ऐक.

बन्सीधरशेठ जुनी चांदी घ्यायला नांदेड, परभणी करतो, तेव्हा पूर्ण्याला उतरतो. त्याला मी निरोप ठेवला होता की येऊन पेटी बघ, माझे अंदाज बरोबर का चूक ते सांग. परवा सकाळी येणार असं कळलं. आता पाव्हणा येणार म्हटल्यावर मनकर्णानं घर सारवलं, तांब्या-पितळ घासलं, आणि त्याच हातासरशी, माझी गुणाची सून, दादांची सगळी नाणीसुद्धा चिंच आणि राख लावून घासून काढली! मी बाजारातून आले तर सुपात नाणी अशी झगझगायली, जशी लग्नातली समई. मीही काय शहाणी? मी म्हटलं, "शाब्बास गं पोरी!"

शेठ आला, गूळ-पाणी घेतलं, सुपाकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ये क्या कर दिये बाई तुमी!"

"काय झालं?"

"घासली?"

मनकर्णा म्हणते, "मग? तुमच्यापुढं काय काळी ठिवायची?"

"अहो, नाणं म्हणजे तांब्या आहे का? तो काळेपणा पन्नास वर्षं बसावा लागतो. त्याला आमच्याकडं पैसे देतात!"

"काळेपणाला पैसे?" मनकर्णा माझ्याकडं वळली. "मामी, मला पाहून नाक मुरडून गेले त्या वसमतकरांना ह्या शेठचा पत्ता द्या."

शेठ इतका हसला की त्याचा चष्मा सुपात पडला.

पण नुकसान झालं ते झालं. निजामाच्या रुपयावर चारमिनार असतो, आणि त्याच्या मधल्या दारात एक बारीक अक्षर, त्यावरून कोणत्या निजामाचा ते कळतं. काही रुपयांवरचं ते अक्षर राखेनं मऊ पडलंय. नेहरूंचा रुपया, आणि दादांनी शेवटी शेवटी घेतलेलं गांधीजींचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं, त्यांच्यावरसुद्धा भिंगातून ओरखडे दिसतात. शेठ म्हणाला, "चांदीचा भाव कुठं जात नाही बाई. हौसेचा गेला."

मनकर्णा त्या दिवशी जेवली नाही. मीच बळंबळं घास भरवला. म्हटलं, तू मान द्यायला घासलीस, अपमान करायला नाही. दादा असते तर त्यांनीही तुला शाब्बासच म्हटलं असतं, त्यांना तरी कुठं ठाऊक होतं.

आता माझी पंचाईत ऐक. एका डब्यात मी नाणी घातली होती, दुसऱ्यात चौकडी आणि चांगली तिकिटं, आणि दोन्ही पारडी बराबर आणली होती. नाणी उतरली तर पारडं वर गेलं. मग निजामाची सरकारी तिकिटं इकडून तिकडं टाकली. तर इकडचं हलकं. मग दोन परत आणली. बेडूक तोलतात ना तराजूत, एक आत टाकावा तर दुसरा उडी मारतो, तसं चाललंय. मनकर्णा म्हणते, "मामी, द्या की अंदाजानं." अंदाजच तर आहे, पण तू पारखून उचलणार, मग तो माझ्या तोंडावर फेकला जाऊ नये.

चौकडी शेठनं पाहिली. चांगली आहे म्हणाला. बाकी विशेष काही नाही.

ह्या साली बायकांचं वर्ष आहे म्हणे, जगभर. त्याचं तिकीट निघालंय. मनकर्णाला आणून दाखवलं तर म्हणाली, "वर्ष आमचं असंल तर आज सैपाक कोन करनार?" आम्हीच केला.

अक्का

पूर्णा, २० मार्च १९७५

पंडित,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी राहू दिली. तेव्हापासून भाकरी गोड लागेना, म्हणून आज लिहिते.

शेठनं पेटी मागितली. सगळीच्या सगळी, कॅलेंडरच्या फाटक्या पानांसकट. हैदराबादला त्याचं एक मोठं गिऱ्हाईक आहे, त्याला एकाच माणसानं जमवलेला अख्खा संग्रह पाहिजे, घासलेल्या नाण्यांसुद्धा. आठशे देतो म्हणाला. रोख. बुद्धपौर्णिमेला परत येईल तेव्हा हो किंवा नाही सांगायचं.

मी विचारलं, "आणि दोन वाटे केले तर?"

तर म्हणाला, "बाई, जोडीतला एक बैल बाजारात नेला तर काय येतं? वेगवेगळं विकाल तर एकेका वाट्याचे सव्वातीनशे आले तरी मी तुमचे पाय धरीन."

हिसाब तूच कर. पेटी अख्खी विकली तर तुझे चारशे बरोबर तुझ्या हातात पडतात, मेच्या आत, इथं यायचं कारण नाही. वाटे घातले तर तू अकोल्याला गाडी बदलत, दोन रात्री बसून इथवर येणार, आणि वर तुला पंच्याहत्तर कमी मिळणार. ये म्हणणं माझं, आणि त्याची किंमत जाते तुझ्या खिशातून. हे मला त्याच दिवशी दिसलं. दिसलं म्हणूनच मी लिहिलं नाही. मला भाऊ पाहिजे होता आणि त्यासाठी भावाचेच पैसे मी खर्चायला निघाले होते.

तर आता असं आहे. तू लिही "वीक", मी विकते. शेठ खोटा माणूस नाही, आठशे मोजून देईल. चारशेची मनिऑर्डर मी स्वतः पोस्टात उभी राहून करीन, फॉर्म माझ्या हातानं भरीन, आणि माझ्या मनात कुसळाएवढाही राग राहणार नाही, हे मायची आण घेऊन लिहिते. तुझं घर उभं राहिलं तर दादांची पेटी कामी आली असंच मी म्हणेन.

आणि तू लिही "थांब", तर मी थांबते. दोन्ही डबे तयार आहेत.

उत्तर मात्र दे. ह्या वेळी दे.

अक्का

पूर्णा, १९ एप्रिल १९७५

पंडित, माझ्या भावा,

जय भीम, जय भीम, जय भीम!

तुझं पत्र जयंतीच्या दिवशी आलं. मिरवणूक दारावरून चालली होती, हलगी वाजायली होती, आणि त्यात पोस्टमनला सुट्टी म्हणून माझ्या लेकानं, माणिकनं, पोस्टातून पडून राहिलेलं टपाल आणून दिलं. मी पाकीट फोडेना. मनकर्णा म्हणते, "मामी, मी फोडू?" म्हटलं, गप बस, आधी मला उभी राहू दे.

"विकू नकोस. मे मधी रजा मिळती. येतो. पण वाटे बराबर घातलेत का ते मी तपासणार, तू मला लहानपणी शेंगा वाटताना फसवायचीस."

फसवायचे! अरे, तुझ्या शेंगा किडक्या म्हणून मी बदलून द्यायची, आणि तू तेवढ्यातल्या तेवढ्यात दोन्हीकडच्या खायचास. तपास, तपास. भिंग घेऊन ये. माझं भिंग तडकलंय.

पंच्याहत्तर रुपयांचं तू काहीच लिहिलं नाहीस. मीही आता काढत नाही.

कोणत्या डब्यात काय आहे ते मी सांगणार नाही, आणि तू मनकर्णाला लाच देऊ नकोस, ती साखरेच्या दोन पुड्यांत फितूर होती. डबे सारखे आहेत, दोन्ही वनस्पती तुपाचे, एकाचं झाकण निळं आणि एकाचं तसंच. निजामाची तिकिटं मी सातव्यांदा इकडची तिकडं केली आणि मग हात धुऊन टाकले. माझ्या अकलेप्रमाणं आता गुंजभरही फरक नाही.

अकोल्याला उतरलास की पूल ओलांडून छोट्या गाडीच्या फलाटावर जा. हिंगोलीला पाणी चांगलं मिळतं, वसमतचं पिऊ नकोस. सत्यशीलेला आणता आलं तर आण. नाही आलं तर तिचं माप पाठव, चोळीचं.

चांगुणाआत्याला तू येणार हे कळलंय. कुणी सांगितलं ठाऊक नाही. मनकर्णाच असणार.

वाट पाहणारी,
अक्का

पूर्णा, ३ जून १९७५

पंडित,

जय भीम. तुझं पत्र काल आलं, आत सत्यशीलेच्या हातचा कागद होता, तोही वाचला. दोन्ही दोनदा वाचले.

तू विचारलंस, तू इथं आला होतास तेव्हा वाटे मांडल्यावर मी तुझ्याकडं पाठ करून भिंतीकडं का बसले होते, तुला वाटलं मी रुसले. वेड्या, वाटे घालणाऱ्यानं बघायचं नसतं. डोळा चुगली करतो. तू ज्या डब्याकडं हात नेशील त्यावर माझे डोळे बदलले तर तुझा हात अडखळेल, आणि मग सात वेळा तोलून काय उपयोग? म्हणून भिंत बघत बसले. भिंतीवर एक मुंगी साखरेचा कण नेत होती, तिच्याकडं लक्ष लावलं.

मनकर्णा सुपात ज्वारी पाखडायली होती. तू झाकण उघडलंस, दुसरं उघडलंस. मग तिचं सूप थांबलं. तिथंच मला कळलं तू निळ्या झाकणाचा उचललास. चौकडी त्यात होती.

मला ती पाहिजे होती, खोटं कशाला लिहू. मुंगी हरवली. पण मी वळले तेव्हा तू काच उजेडात धरून बसला होतास आणि तोंडावर हात ठेवला होतास. तुझी चाळिशी आली, केस पिकले, आणि बसलास मात्र तसाच.

नंतरचे चार दिवस काय भांडलो आपण! मनकर्णा म्हणते, एवढं भांडण तिनं लग्नात मानपानावरूनसुद्धा ऐकलं नव्हतं. "अक्का, हे पाच रुपयाला धरलंस? उजेडात धर, पाठीमागून पातळ झालंय." "तुझे डोळे पातळ झालेत." "आन हा रुपया? ह्याचं तर चारमिनारचं दारच पुसलंय." "पुसलेलं असू दे, आत जायचंय का तुला?" उचललेला वाटा सोडून माझ्या वाट्यातच तुझा हात सारखा! आणि माणिक बिचारा दोघांच्या मधी, "मामा, जेवा. आई, जेव."

आत्या काठी टेकत आली तेव्हा मी मनातून घाबरले होते. तू उठून पाया पडलास. तिनं तुझं तोंड चाचपलं. "आलास व्हय रे?"

"आलो."

"म्या तवा काय बोलले म्हनं तुला. काय बोलले ते मला ध्यानात न्हाई. पन तू पाच वर्सं ध्यानात ठिवलं, म्हंजे वाईटच बोलले असंन."

"जाऊ दे आत्या."

"जाऊ कशाला देऊ? म्हातारीला दोन शिव्या दे आन मोकळा हो."

तू म्हणालास, "एक देतो, दुसरी पुढच्या बारीला." आत्या जाताना हसत गेली. तिला हसताना पाहून किती साल झाले होते.

ठेसनावर तू म्हणालास ते मी माणिकलासुद्धा सांगितलं नाही, तुझ्यापाशीच लिहिते. गाडी लागली होती. तू म्हणालास, "चौकडी तुला पायजे व्हती. मनकर्णा बोलली मला. मग आधीच बाजूला काढून ठिवायची की."

"मग तो वाटा कसला? ते उरलंसुरलं झालं असतं."

"परत देऊ?"

"उचललेला वाटा खाली ठिवायचा नस्तो."

गाडी हलली तसा तू दारातून वाकलास. "अक्का, तू आठशाचं लिवलं नसतंस तर मला जन्मात कळलं नसतं. ते लिवलंस म्हनून आलो मी." एवढं म्हणून तू आत गेलास. आत गेलास ते बरं केलंस, मला पदर शोधायचा होता.

आता तू लिहितोस की चौकडी कलकत्त्याच्या एका बंगाली बाबूला विकली. वाचून मी थोडा वेळ दाराला टेकून बसले. बसावं तर लागणारच. वीस वर्षांची ओळख होती. पण तू पुढं लिहिलंस की बाबूनं ती कापली नाही, चारही एकत्रच ठेवणार, आणि तूही विकायच्या आधी त्याला हात धुवायला लावलेस, तेव्हा मनकर्णाला हाक मारून मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग किंमत वाचली आणि माझा जीव चिडला. दीडपट! माझ्या अंदाजाच्या दीडपट! शेठनंही तेवढी सांगितली नव्हती. डब्यातलं बाकीचं साध्या भावानं गेलं, तरी सगळं मिळून तुझे चारशे आणि वर वीस. म्हणजे माझे वाटे बराबर नव्हतेच की रे! सात वेळा तोलून बेडूक उडालाच. तू पत्रात मला जेवढं चिडवलंस तेवढं रास्त आहे. फरकाचे निम्मे पाठवू का म्हणून विचारतोस, तर खबरदार. वाटा उचलला तो उचलला. त्याचं नशीब त्याच्यासोबत. माझ्या डब्यातलं काही उद्या हजाराला गेलं तर मीही तुला दमडी देणार नाही, फक्त पत्र लिहून जळवीन.

शेठ पौर्णिमेला यायचा होता, तो काल आला, तुझं पत्र वाचून झाल्यावर. पेटी फुटली म्हणून हळहळला, पण जाताना नांदेडच्या कुण्या विधवेच्या तिकिटांचं पुडकं माझ्यापाशी सोडून गेला, की बाई तुम्ही पाहून अंदाज सांगा. मी म्हटलं, माझा अंदाज दीडपटीनं चुकतो. तो म्हणाला, "कमीच धरता ना? व्यापाऱ्याला तसाच माणूस पाहिजे." चोर आहे लेकाचा. पुडकं ठेवून घेतलंय. त्यातली दोन मला ओळखू येत नाहीत, चित्र काढून पाठवते, तिकडं कुणाला दाखव.

आता सत्यशीलेचं. तिनं लिहिलंय की जागेचे पैसे चुकते झाले, पावसाच्या आधी पाया काढायचा, आणि पहिली कुदळ अक्कानं मारायची, तोवर इथं कुणी माती हलवणार नाही. असं हुकूम सोडल्यासारखं लिहिलंय. मला आवडलं. मी पुष्कळ दिवस समजत होते की तू तिकडं घर बांधलंस म्हणजे आमच्याकडची वाट बुजली. वाटेला दोन टोकं असतात हे मला, जन्मभर ठेसनाजवळ राहून, आत्ता कळलं.

तर मी येते. माणिकच्या रेल्वेच्या पासात माझं नाव आहे. पंधरा तारखेच्या गाडीत बसते, माणिक अकोल्यापर्यंत येऊन मोठ्या गाडीत बसवून देईल. तू फलाटावर स्वतः उभा राहा, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. मला तिकडच्या पाट्या वाचता येणार नाहीत आणि तिकडची माणसं मला कळणार नाहीत.

चोळी शिवून झालीय. पापड, कुरडया, तिखट बांधून ठेवलंय. ज्वारीचं पीठ पायलीभर दळायला टाकलंय, कारण तिकडं भातच भात खाऊन तुझं तोंड कसं झालंय ते मी पाहिलं. सत्यशीलेला विचार, तिकडं ज्वारी मिळती का. आणि मिळत असली, तर मला तसं कळवू नकोस.

तुझी,
अक्का